सातवा खंड

५ ऑगस्ट, मंगळवार

आज ग्रंथालयात एक बाई आली आणि तिनं माझं पाप खणातून बाहेर काढलं. काढायला मदत मीच केली, हे विशेष.

पन्नाशीची असेल. डोक्याला फडकं, पायांत पुरुषी बूट, हातात केळ्यांची पिशवी. दारातच गुडघे वाकवून टाळ्या वाजवल्या, कुणा वडीलधाऱ्याच्या घरी आल्यासारख्या. "मी माई शिंगी. होंडे खोऱ्यातून आले. इथे माझ्या आईचं बोलणं ठेवलंय म्हणतात."

मी म्हटलं, बसा. तिनं सांगितलं ते असं. त्र्याऐंशी साली विद्यापीठाचा एक मुलगा त्यांच्या गावात बोलणं टिपायचं यंत्र घेऊन आला होता. स्वातंत्र्याच्या लढाईच्या दिवसांत काय काय झालं ते बायकांना विचारून गेला. तिच्या आईनं त्याला थोरल्या मुलाची कबर कुठे आहे ते सांगितलं, एवढंच गावातल्या बायकांना माहीत. घरच्यांना मात्र कधी सांगितलं नाही, कारण बाकीची मुलं लहान होती आणि नंतर विषय काढला की आई उठून जायची. आता आई पंच्याऐंशीची आहे आणि तिला काही म्हणजे काही आठवत नाही.

"भावाला घरी आणायचंय," ती म्हणाली. "आई आहे तोवर. कुठून आणू तेच ठाऊक नाही."

कार्डांचे खण तिनं कधी पाहिले नव्हते. कसे शोधायचे ते दाखवलं. ती बिचारी आडनाव शोधत राहिली, सामुरिवो, सामुरिवो. मिळेना. मी तेव्हा गप्प बसले असते तर ती केळी घेऊन परत गेली असती आणि मी आज झोपले असते. पण बावीस वर्षांची सवय. तोंडातून निघून गेलं, "या संग्रहातल्या बायका थोरल्या मुलाच्या नावानं लावल्यात. त्यांनी सांगितलं तसंच त्या मुलानं लिहून घेतलं. भावाचं नाव काय?"

"केनियास."

"मग 'माई केनियास' बघा, केनियासची आई."

लगेच मिळालं. खंड सातवा, पाने एक्केचाळीस ते अठ्ठावन्न. ती कार्डावर हात फिरवत राहिली. पण सातवा खंड कपाटात नाही. गेल्या ऑक्टोबरपासून नाही. मीच बाहेर काढला, माझ्या रुवासाठी, चिठ्ठी न भरता.

"उद्या या," मी म्हटलं. "शोधून ठेवते."

६ ऑगस्ट, बुधवार

लिहून टाकते, नाहीतर पोटात सडेल.

बंद संग्रहातलं काही बाहेर जात नाही. वाचकानं चिठ्ठी भरायची, आम्ही खंड आणून द्यायचा, त्याच्या जागी पुठ्ठा उभा करून त्यात चिठ्ठी खोचायची. नव्या पोरांना हे मीच शिकवते, आणि चुकलं तर सगळ्यांसमोर झापते. रुवाचं शेवटचं वर्ष होतं. प्रबंध याच बायकांवर लिहीत होती. रक्ताचा आजार वाढला, दोन जिने चढवेनात. म्हणाली, "आई, एक खंड आण ना, दोन आठवडे. कोण विचारतंय?" मी स्वेटरखाली घालून नेला. पुठ्ठाही उभा केला नाही. दोनाचे चार झाले, चाराचे बारा, आणि जानेवारीत ती गेली. त्यानंतर मला खंडच काय, चुलीवरचं भांडंही आठवत नव्हतं.

माई शिंगी दहालाच हजर. मी सांगितलं, "चुकीच्या कपाटात गेलाय बहुतेक. शोधतेय."

"शोधा, शोधा," ती म्हणाली. "मी वेंगेरेत चुलतबहिणीकडे उतरलेय. मला घाई नाही." जाता जाता, "म्हणजे मला नाही. आईला असेल."

९ ऑगस्ट, शनिवार

खंड कुठे गेला असेल ते मला चांगलं ठाऊक आहे. रुवाच्या पत्र्याच्या पेटीत, तळाशी, खाकी कागद घातलेला. आणि पेटी गेली तेतेकडे, रुवाच्या आत्याकडे.

मे महिन्यात रुवाचे कपडे वाटले. आमच्यात ते काम बापाच्या बहिणीचं. तेते एस्नाती चटईवर बसली, एकेक वस्तू उचलून हाक मारत गेली, लोक टाळ्या वाजवून घेत गेले. आईनं तेव्हा बाजूला बसायचं असतं. बसले. तांबडा स्वेटर मावसबहिणीला गेला, बूट गेले, चर्चचा झगा गेला. खंड मनातही आला नाही. त्या दिवशी मी आई होते, ग्रंथालयाची नोकर नव्हते. आणि वाटलेली वस्तू परत मागत नाहीत. मागणारी बाई गेलेल्या माणसाशी भांडण उकरून काढते, असं मानतात. आता मी जाऊन काय सांगू? की माझी मेलेली पोर चोरीचं पुस्तक वापरत होती? की चोर मी होते?

घरात बोलायला माणूस नाही असं नाही. आहे, पण तो कोंबड्यांच्या खुराड्यात असतो. जेवण झालं की बाबा रुवा, म्हणजे माझा नवरा, तिकडे जाऊन बसतात ते ऊन उतरेपर्यंत. गेल्या रविवारी बाजारातून चष्मा आणलाय. सत्तावन्न वर्षं चष्म्यावाचून काढली. विचारलं, "कशाला हो?" तर म्हणाले, "कोंबड्यांच्या औषधाच्या पाकिटावर फार बारीक लिहितात."

पोरीला मातीत ठेवलं तेव्हा या माणसाच्या डोळ्यांतून टिपूस आलं नाही. आणि कोंबड्यांसाठी चष्मा.

११ ऑगस्ट, सोमवार

वीरांचा दिवस, सुट्टी. सकाळपासून रेडिओवर भाषणं आणि बँड. ज्यांची नावं घेतात त्यांच्या कबरी संगमरवरी. केनियासचं नाव कुणी घेतलं नाही. माझ्याखेरीज.

जेवताना बाबा रुवांनी मधेच विचारलं, "होंडेत पुंग्वे नदीला किती ओढे मिळतात गं?"

मी आधीच जळत होते. म्हटलं, "मी काय ओढे मोजत फिरते? कोंबड्यांना पोहायला न्यायचंय का?"

ते मक्याच्या सद्झाचा गोळा बोटांत फिरवत राहिले. मग म्हणाले, "नाही, सहज," आणि ताट ठेवून निघून गेले. भाजी तशीच टाकली. पालक मी दाण्याचं कूट घालून केला होता, त्यांना आवडतो म्हणून.

१४ ऑगस्ट, गुरुवार

माई शिंगी बाकीचे खंड वाचतेय. पहिल्यापासून. ओळीखाली बोट ठेवून, ओठ हलवत. आज पाचवा संपवला, सहावा घेतला. मी म्हटलं, "तुमच्या आईचं यात नाही हो."

"बांधताना एखादं पान दुसरीकडे जाऊ शकतं ना? आमच्या शाळेतली पुस्तकं अशीच असायची." मग हसली. "आणि या बायकाही कुणाच्या तरी आयाच. मी वाचलं नाही तर यांना कोण वाचणार?"

मी शेजारच्या टेबलावर कार्डं लावत होते. 'म' च्या जागी 'न' लावलं, पुन्हा काढलं. तिनं केळं सोलून माझ्यापुढे धरलं. ग्रंथालयात खायचं नसतं हे मी तिला सांगायला हवं होतं. खाल्लं.

"सगळे तुम्हाला माई रुवा म्हणतात," ती म्हणाली. "रुवा काय करते?"

"इथेच शिकत होती."

तिनं 'होती' ऐकलं. हातातला खंड मिटला, हलकेच टाळ्या वाजवून दुखवट्याचे शब्द बोलली. मग विचारलं, "जवळ आहे का कबर?"

"चर्चच्या मागे. घरापासून दहा मिनिटं."

"बरं आहे," ती म्हणाली. "जाऊन बसता येतं." त्यात टोमणा नव्हता. असता तर बरं झालं असतं.

दुपारी ग्वातिद्झो सरांनी बोलावलं. संग्रहाचे प्रमुख, पुढच्या वर्षी निवृत्त होतायत. "दरवर्षीची मोजणी या सोमवारपासून ना? पुढे ढकलू. माझी पाठ दुखतेय." मोजणी मी करते, पाठ त्यांची दुखते. पुढे म्हणाले, "माई रुवा, कधी कधी पुस्तकं आपल्या पायांनी परत येतात. सकाळी लवकर, कुणी नसताना. मी कोपऱ्यातलं दार सातला उघडून ठेवतो हल्ली." म्हातारे झालेत सर. पुस्तकांना पाय फुटायला लागलेत.

१६ ऑगस्ट, शनिवार

शेवटी तेतेकडे गेले. लाज पिशवीत घातली, वर साखर आणि साबण ठेवला, भाड्याच्या कोंबी गाडीत बसले.

तेते अंगणात मका पाखडत होती. मला बघताच म्हणाली, "आलीस का वाट चुकून? मला वाटलं आता माझ्या प्रेताला येशील."

मी गुडघ्यावर बसले, टाळ्या वाजवल्या, हवापाणी, कोंबड्या, गुडघेदुखी सगळं झालं. मग कसंबसं म्हटलं, "तेते, रुवाच्या पेटीत काही कागद होते."

"ती बघ पेटी. जा, उघड." उघडली. आत मक्याचं बियाणं, वर राख पसरलेली. झाकणाच्या आतून रुवानं चिकटवलेलं तिचं वेळापत्रक अजून आहे. सोमवार, मंगळवार, बुधवार. मी झाकण लावून टाकलं.

"कागद मी वाटत नाही," तेते म्हणाली. "कपडे वाटायचे असतात. जाळायला काढले होते. ज्याला हवे होते त्यानं मागून घेतले."

"कुणी?"

तिनं सूप खाली ठेवलं आणि माझ्याकडे पाहिलं. "तू तुझ्या नवऱ्याशी बोलतेस की नाही?"

"बोलते की. सद्झा झालाय, या, असं रोज बोलते."

"मग त्याहून दोन शब्द जास्त बोल."

झालं. गेल्या पंचवीस वर्षांत माझ्या संसारावर बोलल्याशिवाय या बाईनं मला परत पाठवलेलं नाही. साखर ठेवून निघाले. कागद कुणी नेले ते शेवटपर्यंत सांगितलं नाही. कुणीतरी दाणे बांधायला नेले असणार. माई केनियासचं बोलणं रुसापेच्या बाजारात पुड्या होऊन विकलं गेलं असेल.

२० ऑगस्ट, बुधवार

माई शिंगीचे बाराही खंड संपले. म्हणजे अकरा.

होंडेहून निरोप आलाय, आई खात नाहीये. उद्या निघतेय ती. जाताना माझे दोन्ही हात धरले. "तुम्ही फार शोधलंत माझ्यासाठी. सापडलं तर हाऊनाच्या दवाखान्यात निरोप ठेवा, मला मिळेल."

आता सांगते, आता सांगते असं करत मी तिला फाटकापर्यंत पोचवलं आणि हात हलवून आले. मला माझी किळस येते. मुलगी गेली म्हणून सगळे माझ्याशी हळू बोलतात, मला माफ करतात, आणि मी त्या माफीत पाय पसरून बसलेय.

२२ ऑगस्ट, शुक्रवार

सकाळीच वीज गेली, अकराला ग्रंथालय बंद केलं. मी घरी आले तर खुराड्यातून बोलण्याचा आवाज. वाटलं, कुणी गिऱ्हाईक आलंय. मग लक्षात आलं, एकटेच बोलतायत. नाही, वाचतायत.

खाद्याच्या पोत्यावर बसलेले, चष्मा नाकावर, मांडीवर खाकी कागदातला सातवा खंड. पायाशी कोंबड्या. शाळेतल्या मुलासारखं तोडून तोडून वाचत होते. "ही ओळ... परिशिष्टात... घ्यायची. शब्द... तिचेच... ठेवायचे." छापलेलं नव्हे, कडेला पेन्सिलनं लिहिलेलं. रुवाचं अक्षर.

मी दारात उभी राहिले. ओरडायचं होतं, आवाज निघाला तो भलताच. "किती दिवस आहे हा तुमच्याकडे?"

त्यांनी दचकून खंड छातीशी धरला. "कपडे वाटले तेव्हापासून. एस्नाती जाळत होती. मी म्हटलं, दे इकडे."

"आत शिक्का आहे. दिसला नाही?"

"दिसला."

"मग मला का नाही सांगितलं?"

"सांगितलं असतं तर तू नेला असतास."

नेला असता. दुसऱ्याच दिवशी.

"पानोपानी तिचं लिहिणं आहे," ते म्हणाले. "मी रोज एकच पान वाचतो. एकदम संपवलं तर मग काय वाचू?"

आणि मी या माणसाला दगड म्हणत होते. आठ महिने म्हणत होते, याच वहीत, मागची पानं साक्षीला आहेत. तेतेनं तर स्वच्छ सांगितलं होतं, मला ऐकू आलं नाही.

कोंबड्यांमध्ये खाली बसले आणि सगळं सांगितलं. स्वेटरखालची चोरी, माई शिंगी, तिचे अकरा खंड. 'केनियास' म्हटल्यावर त्यांनी न शोधता पान उघडलं. बावन्न. कडेला रुवानं लिहिलंय: "हिच्या मुलांना ही जागा माहीत असेल का? आईला सांगून शोधायचं."

"तिनं सांगितलं होतं तुला?" त्यांनी विचारलं.

नाही, असं म्हणणार होते. पण खरं सांगायचं तर मला आठवत नाही. डिसेंबरात ती खूप बोलायची. मी हो हो म्हणत औषधांच्या वेळा बघायचे.

परत आलेल्या खंडातल्या पेन्सिलच्या खुणा खोडूनच तो कपाटात ठेवायचा असतो. खोडरबर माझ्याच टेबलाच्या खणात आहे. ते सोमवारी बघू. बाबा रुवांनी दफनाच्या दिवशीचा कोट झटकून खिळ्याला लावलाय. उद्या पहिल्या बसनं होंडे.

२४ ऑगस्ट, रविवार

काल दुपारी पोचलो. चहाच्या मळ्याच्या वर, केळीत लपलेलं घर. माई शिंगी धावत आली. "सापडला?" तिचा आनंद बघून पाय मागे वळत होते. पण या वेळी अंगणातच, पाणीसुद्धा न घेता, सांगून टाकलं. हरवला नव्हता. मी चोरला होता. माझ्या घरात होता.

तिनं खंडाच्या खाकी कागदावर हात ठेवला. मग म्हणाली, "मी बोट ठेवून वाचत होते, आणि तुम्ही शेजारी बसून कार्डं लावत होतात."

"हो."

"केळं खाल्लंत माझं."

"हो."

मारलं असतं तरी चाललं असतं. तिनं मारलं नाही, माफही केलं नाही. बाबा रुवांकडे वळून म्हणाली, "वाचा तुम्ही. मला आता अक्षर दिसायचं नाही. फक्त त्याचं नाव घेऊ नका. आई अजून रोज संध्याकाळी त्याचं ताट वाढून ठेवते."

आई भिंतीशी चटईवर भुईमूग सोलत होती. चिमणीएवढी म्हातारी. आम्ही तिला 'अंबुया', आजी, म्हणून टाळ्या वाजवून नमस्कार केला, तिनं कुणाही पाहुण्याला करावा तसा परत केला आणि पुन्हा शेंगांत बघायला लागली. बाबा रुवांनी चष्मा लावला. इतके दिवस वाचून हे पान त्यांना पाठच झालं होतं, अडखळले नाहीत.

"सकाळी गोळीबार थांबला तेव्हा मी शेजारणीला घेऊन गेले. तो पुंग्वेच्या काठाला होता, वरून तिसरा ओढा मिळतो तिथे. घरी आणता येईना. आम्हाला कोंडून ठेवलं होतं त्या वस्तीच्या फाटकावर शिपाई होते, मेलेलं माणूस दिसलं असतं तर सगळ्या घराला धरलं असतं. आम्ही कुदळीशिवाय, हातांनी आणि फुटक्या मडक्यानं उकरलं. उंबराच्या मुळांमुळे खोल जाता येईना. वर तीन चपटे दगड ठेवले. मी त्याच्या अंगावर माझी ओढणी घातली आणि दिवस वर यायच्या आत परत आले. घरी कुणाला सांगितलं नाही. कुणी दुखवट्याला बसायला आलं नाही. कुणाला माहीतच नव्हतं, येणार कोण? मी तशीच चूल पेटवली आणि पोरांना लापशी केली."

माई शिंगी डोळे मिटून ओठांनी म्हणत होती, तिसरा ओढा, उंबर, तीन दगड. बाबा रुवांनी खंड मिटला, चष्मा काढला, आणि रडायला लागले. जानेवारीत जे रडायचं राहिलं होतं ते सगळं, मोठ्यानं, परक्या अंगणात.

म्हातारीचे हात थांबले. "हा माणूस का रडतोय?"

"गोष्ट वाईट होती, आई," माई शिंगी म्हणाली.

"कुणाची?"

"एका बाईची. खूप वर्षं झाली."

"पोराला तिनं स्वतः पुरलं?"

"हो."

"हातांनी?"

"हो, आई."

म्हातारी स्वतःच्या हातांतल्या शेंगांकडे बघत राहिली.  वाटलं, आता आठवणार, आता. पण तिनं मान वर केली तेव्हा तिच्या डोळ्यांत दुसऱ्या कुणासाठी यावं तसं पाणी होतं.

"बिचारी," ती म्हणाली. "आणि नंतरही तिच्याकडे कुणी बसायला गेलं नाही?"

 माई शिंगी तोंडावर फडकं धरून घरामागे गेली.

"कुणाला तरी पाठवा गं," म्हातारी मला म्हणाली. "आईनं अशा वेळी एकटीनं बसू नये."

"आम्ही आलोय, अंबुया," मी म्हटलं, आणि तिच्या शेजारी चटईवर बसले.